वरची बाजू

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शाळा पाचवीपर्यंत, घरी ज्याला ‘भिरभिरं’ म्हणतात तोच, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्या धाकाशिवाय हे लिहून ठेवतो. उद्या वर्षातली सर्वांत मोठी ओहोटी. कड्याचा तळचा थर तेव्हाच उघडा पडतो. मला तिथे उतरायचे आहे आणि वरून दगड सुटतात, म्हणून आधी कागद.

१. दोर, हातोडी, छिन्नी माझा दोर धरणाऱ्या मामांना. चार वर्षे माझा जीव त्यांच्याच मुठीत आहे, तेव्हा पहिला हक्क त्यांचा.

२. मोजमापाची वही दगडवाल्या बाईंना; जुन्या दगडांचा अभ्यास त्यांचा, दगड काढून देणारा मी. हा अख्खा कडा एके काळी समुद्राखाली जिवंत प्रवाळ होता, हे त्यांनी दाखवले. एक फिकट रेघ आणि एक गडद, मिळून एक वर्ष. प्रवाळाच्या एका गड्ड्यात मी दोनशे बारा वर्षे मोजली. माझी सव्वीस त्यात जेमतेम वीतभर भरली. त्या दिवशी जेवलो नाही, नुसता हात ठेवून बसलो.

तळचे प्रवाळ वाढले तसेच उभे असेल, तर त्या काळी समुद्राची पातळी तिथेच होती. आडवेतिडवे असेल, तर लाटेने आणून टाकलेले; उद्या तेच पाहायचे. म्हणून दगड काढण्याआधी त्यावर वरची बाजू दाखवणारा बाण काढायचा. पहिल्याच आठवड्यात मी विसरलो. बाई एवढेच म्हणाल्या, “आता हा नुसता दगड झाला रे.”

३. घरातला माझा हिस्सा दादाला. तो गवंडी आहे. चार वर्षांपूर्वी मी घरून निघताना म्हणाला, “जा, दगडांशीच लग्न कर.” ते विसरलेलो नाही, तशी इथे नोंद करतो.

आमच्या दारातली पायरी असल्याच दगडाची, त्यानेच बसवलेली. लहानपणी तिच्या दर्शनी बाजूला उमटलेल्या प्रवाळाच्या पंख्यासारख्या नक्षीवरून मी बोट फिरवायचो. प्रवाळ खालून वर पसरते. आमचा पंखा वरून खाली पसरलेला. हे ध्यानात आले तेव्हा फोन केला.

“दादा, आपली पायरी उलटी बसलीय.”

“चार वर्षांनी तोंड उघडलंस ते माझी चूक काढायला?”

त्याने फोन ठेवला. मला पुढे सांगायचे होते, की दादा, आपण ज्यावर चपला झटकतो ते कधीकाळी उजेडाकडे वाढत होते. ते राहून गेले.

४. मी आलो नाही, तर पायरी दादाने सुलटी करावी. आलो, तर हा कागद फाडून घरी येईन. पहार त्याने धरावी, बाण मी काढीन.

साक्षीदार : दगडवाल्या बाई, सही. (“जाऊ नकोस असं दोनदा सांगितलं, तेही लिही,” म्हणाल्या. लिहिले.)
साक्षीदार : मामा, डावा अंगठा.
ठिकाण : कड्यावरचा तंबू. दिनांक : ९ मार्च.
सही : भिरभिरं
(सहीशेजारी बाण काढला आहे. कागद उलटा धरू नये.)