नेटखाली ठेवलेली कोरलं

रविवार, ९ मार्च

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तू शाळेत होतीस तेव्हापासून कुरकुरतोच आहे, त्याचं काय घेऊन बसायचं. फोन असताना आई पत्र लिहायला बसली म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, असं समजून लगेच रडायला लागू नकोस. कोणी आजारी नाही. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि मला एक वाक्य पुरं करायचं आहे. ते लिहायला जरा धीर गोळा करते, तोवर तुझ्या कोरलांची खबरबात ऐक.

तुझ्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीसाठी तू सांगून ठेवलेली ही जिवंत प्रवाळं, तुझी कोरलं, नेमकी तू गेल्यावर आली. "काही अडलं तर मीठवाल्याला बोलव, माणूस चांगला आहे," एवढं सांगून तू गाडीत बसलीस आणि मोकळी झालीस. माशांना चिमूटभर खाणं टाकणं वेगळं आणि हे वेगळं, हे तुला ठाऊक होतं, मला नव्हतं. सकाळी दार उघडलं तर तुझा मीठवाला पाण्याच्या फुगलेल्या पिशव्या घेऊन उभा, आणि मी शिवणावरून उठलेली, तोंडात टाचण्या. टाकीचं मीठ विकतात म्हणून तू ठेवलेलं हे नाव त्यांना अजून माहीत नाही, आणि मीही सांगणार नाही.

त्यांनी आधी पिशव्या बंदच्या बंद टाकीत तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट होईपर्यंत. मग बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडत बसले. मी म्हटलं, "ओतून टाका ना एकदाचं." तर म्हणाले, "झोपलेल्या माणसाच्या अंगावर कोणी बादली ओततं का, बाई?" कोरलांबरोबर कीड येऊ नये म्हणून ती औषधाच्या पाण्यात बुडवून काढली आणि टाकीच्या तळाशी, कमी उजेडात मांडली. दिव्याखाली लगेच ठेवलं तर भाजतात म्हणे. सवय झाली की हळूहळू वर चढवायची.

त्या कोरलांतली तुझी झेनिया भलती धीट निघाली. दुसऱ्याच दिवशी तिने सगळे पंजे पसरले आणि मुठींची उघडझाप करायला लागली. मी पँटला इस्त्री करता करता तिच्याकडे बघत राहिले आणि कापड करपता करपता वाचलं. पण ते छत्रीसारखं लेदर कोरल! ते आलं तेच तोंड फुगवून. अंगावरची सगळी बोटं आत ओढून घेतलेली, नुसता एक तपकिरी गोळा.

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. कोट खांद्यात बसला नाही तर मी उसवते, पुन्हा घालून बघायला लावते, पुन्हा उसवते. तसंच झालं. तुझे ते कोपरापर्यंतचे हातमोजे चढवायचे आणि लेदर उचलायचं. इथे प्रवाह जास्त वाटतो, तिकडे सरकव. तिकडे अंधार वाटतो, खडकावर ठेव. रोज नवी जागा. एके दिवशी बघते तर त्याच्या अंगावर मेणासारखा पापुद्रा आलेला, कडेने लोंबत होता. सडलं, असंच मला वाटलं. पोरीने एवढ्या हौसेने मागवलं आणि आपण मारलं, म्हणून मी टाकीसमोर खुर्ची ओढून चक्क रडले. तुला फोन करायचं धाडस होईना, म्हणून मीठवाल्यांना केला.

ते आले, काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाले, "मेलं नाही. कात टाकतंय." छोटा पंप जरासा वळवला, तशी त्या पापुद्र्याची चिंधी हलली आणि वाहून गेली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "याला हात किती वेळा लावता?"

"रोज."

"कशाला?"

"बसत नव्हतं नीट."

"बाई, हा कोट नाही. त्याला एका जागी राहू द्या. तुम्हाला राहवत नसेल तर दुपारची शिलाई घेऊन माझ्या दुकानात येऊन बसा, पण त्याला हात लावू नका."

मला राग आला. माझ्या घरात येऊन मला शिकवतात! पण दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर माझा हात पुन्हा त्या हातमोज्यांकडे गेला, तेव्हा मी मुकाट्याने पडद्यांचं गाठोडं उचललं आणि त्यांच्या दुकानात जाऊन बसले.

तेव्हापासून दुपारी तिथेच जाते. टाक्यांच्या निळ्या उजेडात काळा दोरा काळ्या कापडावर दिसत नाही, म्हणून त्यांनी माझ्यासाठी दाराजवळ स्टूल ठेवलंय. पहिल्या दिवशी माझी नजर त्यांच्या पँटच्या पायाकडे गेली. शिवण सुटलेली, आणि ती कशाने चिकटवलेली असावी? कोरलं दगडाला चिकटवायच्या गोंदाने! मी कपाळावर हात मारला. "उद्या दुसरी घाला आणि ही माझ्याकडे द्या," म्हटलं. गोंद इतका कडक झाला होता की दोन सुया मोडल्या. माणूस सगळ्या जगाची कोरलं जागेवर बसवतो आणि स्वतःची पँट सांभाळता येत नाही.

पण गोंदाचं गर्वहरणही झालं. तुझी ती अळंबीसारखी चपटी कोरलं, ती बुळबुळीत असतात, त्यांना गोंद धरत नाही. लावली की सुटून तरंगत कोपऱ्यात जायची. त्यांनी पुन्हा पुन्हा लावली, ती पुन्हा पुन्हा सुटली. माझ्याकडे एका नवरीच्या पोशाखाची नेट उरली होती. ती खळखळून धुतली, कोरलं दगडावर ठेवली, वरून नेट सैल ताणली आणि दगडाभोवती नायलॉनच्या दोऱ्याने बांधली. पाणी खेळतं, उजेड मिळतो, आणि पळता येत नाही. त्यांनी मान वाकडी करून सगळीकडून बघितलं आणि म्हणाले, "आम्हीही नेट लावतो, पण कडेला अशी दुमड घालायचं कधी सुचलं नाही." खरं सांगते ठकू, दुमडीचं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. गिऱ्हाईक फक्त लांबी बघतं.

आणि मागच्या आठवड्यात मी दुकानातून घरी आले, दिवा न लावताच टाकीपुढे गेले, तर लेदर उघडलेलं! सगळी बोटं बाहेर, गवत डोलावं तशी डोलत होती. मी एकटीच मोठ्याने "अगंबाई" म्हणाले. पहिला फोन तुला करायला हवा होता. तुला केलाच, पण दुसरा केला. हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं.

आता ते वाक्य. मला ते आवडतात. झालं, लिहिलं एकदाचं.

परवा दुकान बंद करताना त्यांनी विचारलं, "आपण दोघं एकत्र राहायचं का? रीतसर, चारचौघांना सांगून." त्यांची फारकत होऊन खूप वर्षं झाली, मूलबाळ नाही, लपवालपवी नाही. मी पडद्याची घडी घालत होते, ती चुकली. मी म्हटलं, "मुलीला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." ते म्हणाले, "विचारा. मी कुठे जातोय?"

तुला आठवतं की नाही माहीत नाही. बाबा गेल्यावर मावशीने एक स्थळ आणलं होतं, तेव्हा तू न्हाणीघरात जाऊन कडी लावलीस आणि नळ सोडून दिलास, रडणं ऐकू येऊ नये म्हणून. मी दाराबाहेर बसून तुला वचन दिलं होतं, हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. तो आज मी काढतेय. तू तेव्हा लहान होतीस आणि बाबा तुझे होते. मला तुझा राग तेव्हाही आला नाही, आजही नाही. पण ते वचन तुला दिलेलं आहे, आणि मी ते तुझ्या मागून मोडणार नाही. तू सोडवलंस तर सुटेल.

नाही म्हणालीस तर मी काही वाळून जाणार नाही. मशीन आहे, गिऱ्हाईकं आहेत, तुझी टाकी आहे. पण वाईट वाटेल, खूप वाटेल, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. बाबांच्या फोटोची जागा मात्र हो म्हणालीस तरी तीच राहील. हे त्यांनीच आधी बोलून दाखवलं, मी विचारलंही नव्हतं. शिवाय माणूस चांगला आहे हे गाडीत बसताना कोण म्हणालं होतं? मी तुझ्याच शब्दावर विसंबले, आता तू हात झटकू नकोस.

अळंब्यांनी दगड घट्ट धरलाय. नेट काढायला हरकत नाही, असं ते म्हणतात. मी सगळे दोरे कापले, एक ठेवलाय. सुट्टीत येशील तेव्हा तो तू काप. माझी शिवणाची कात्री घेऊ नकोस, खाऱ्या पाण्याने गंजेल; टाकीशेजारी दुसरी ठेवली आहे.

वेळेवर जेवत जा. त्या दिवशी टाकीपुढे दोन खुर्च्या मांडू की तीन, तेवढं आधी कळव.

उत्तराची वाट बघत, आणि उत्तर काहीही आलं तरी तुझीच,

आई