सोऱ्याची माती

कुत्ना होरा
संत याकूबच्या सणानंतरचा मंगळवार, १४३८

ती. वानेकदादास,

माखनाचा नमस्कार. घरी सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच आहे. तू कधी येणार हे ती मलाच विचारते, जणू मीच तुला सरदाराच्या तोफेला बांधून ठेवलंय.

तू पाठवलेली माती पोचली. मेंढवाड्यातली, असं लिहिलं होतंस. भिजवून, गाळून आटवायला ठेवली. सोरा फारच छान धरला. मेंढ्यांच्या मातीला एवढा धरत नाही. म्हणून गाळणीवरचा चोथा पाहिला. त्यात बोटांची हाडं होती आणि दात. बाबांनी मला हे काम शिकवलंय. मेंढीचा दात मला ओळखता येतो. कढई लगेच उतरवली. हाताचा वास अजून जात नाही.

माती कुठली, ते स्पष्ट लिही. या सोऱ्याची तोफेची दारू करून पोचवली नाही तर तुला तोफेवरून काढून भालेकऱ्यांच्या पहिल्या रांगेत टाकतील, हे लक्षात आहे. म्हणून आपल्या कबुतरखान्याच्या मातीची दारू पाठवते. थोडी आहे, पण चांगली आहे.

जपून राहा आणि घरची आठवण ठेव.

तुझी माखना


छावणी
संत व्हात्स्लावच्या सणाचा दुसरा दिवस

चि. माखनास अनेक आशीर्वाद.

जिवंत आहे, हे आईला आधी सांग. लढाई जिंकलो. तुझी दारू पुरली.

आता नाक मुरडू नकोस. ती माती लिपानीच्या चरातली, चार वर्षांमागच्या लढाईतले मेलेले पुरले तिथली. मेलेल्यांनी आता तरी धन्याच्या उपयोगी पडावं, असं सरदाराचा कारभारी म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. बाबांना पुरलं ते टोक मी खणू दिलं नाही. बहुधा.

या वेळीही समोर बाबांच्या पंथातले आपलेच जुने भाऊ होते. गाड्यांना साखळ्या घालून कोट केलेला, झेंड्यावर प्याला. आमच्याही झेंड्यावर प्यालाच. त्यांनी आपलं प्रार्थनागीत धरलं, तर आमची अर्धी रांग सवयीने साथ देऊ लागली. कारभारी ओरडला की तोफा डागा, गाणं बुडवा. मी डागली.

आताच्या मेलेल्यांनी नवा चर भरलाय. वर शेण आणि चुना टाकलाय, तू शिकवलंस तसा. त्यात सोरा पिकला की ती माती तू उकळशील, असं कारभाऱ्याला सांगून बसलोय. नाहीतर पहिली रांग ठरलेली. हवं तेवढं रागाव, बाई, पण एवढं कर.

दादावरची माया आटू देऊ नकोस.

वानेक


कुत्ना होरा
संत फ्रान्सिसच्या सणाचा दिवस

ती. दादास,

नमस्कार. आईला फक्त पहिली ओळ वाचून दाखवली.

पाद्र्यांसारखा आपल्यालाही प्रभूच्या द्राक्षारसाचा प्याला मिळावा, म्हणून बाबा पोपच्या फौजांशी लढले. पुढे लिपानीला प्यालेवाल्या सरदारांनीच त्यांना मारलं. त्यातल्याच एका सरदाराचं तू खातोस. तेवढं मी गिळलं होतं. पण तुझं ते 'बहुधा' वाचलं आणि मला ओकारी झाली.

आज कारभाऱ्याचा माणूस नव्या चराची माती उकळण्याचा होकार घ्यायला आला. मी नाही म्हणाले. मग तुझ्या भावाचं काय होईल ते माहीत आहे ना, असं त्याने हसत विचारलं. मी म्हणाले, माहीत आहे. तो आता बिअरच्या दुकानात बसलाय. उद्यापर्यंत उठायचा नाही.

म्हणून हे पत्र मामाच्या घोड्यावरून पाठवते. पत्र आणणारा पायी परतेल. घोडा तुझ्यासाठी आहे. पळून निघण्याआधी तोफेच्या कानात, बत्ती देतात त्या भोकात, खिळा ठोक, आणि वर टोक दिसू देऊ नकोस, आत मोड.

पत्रोत्तर नको.

माखना