दुसरी फेरी

रविवार, चौदा तारीख
सकाळ, स्वयंपाक व्हायचाय

चि. बबड्या,

आईचे आशीर्वाद. कागदाचा फोटो पाठवलेला पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर आपण पाच मिनिटं बोलतो, तीही हवापाण्याची. हे तिथं मावणार नाही. लेकीचा दात पडला का? आम्ही दोघं ठीक. बाबांना हल्ली थोडं विसरायला होतं, एवढंच.

काल महापुराला तीस वर्षं झाली. दिवसभर कार्यक्रम, आणि सगळीकडे बाबा प्रमुख पाहुणे. अग्निशमन दलाची बोट चालवलेला माणूस, दुसरं कोणाला बोलावणार? पण चारचौघांत काही भलतंच झालं तर? त्यांच्या खिशात भाषणाचा कागद घातला, सदऱ्याच्या आतून घरचा पत्ता शिवला. हो, शिवला. लिहिलंच आहे तर वाच आता.

सकाळी अग्निशमन केंद्रात रक्तदान शिबिर. तिथल्या साहेबांना बाबांनी तीनदा विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "अहो, यांना थट्टेची सवयच आहे." साहेब हसले. मी बाबांना तिथून हलवलं.

मग वाचनालयात मुलांची चित्रं, विषय पूर. एका मुलीनं शाळेचं छप्पर काढलं होतं, वर एकटा पोरगा. तुझी गोष्ट तिला कुणीतरी सांगितली असणार. बाबा तिथून हलेनात. मी हात ओढला तर झिडकारला, उभ्या संसारात पहिल्यांदा! तेव्हाच घर गाठायला हवं होतं. पण लोक काय म्हणतील, ही माझी जुनी खोड. दोन वर्षं झाली रे या विसरण्याला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनासुद्धा कळू दिलं नाही मी.

संध्याकाळी नदीकाठी श्रद्धांजलीची सभा. बाबांनी दोन ओळी नीट वाचल्या. माझा जीव भांड्यात पडतोय, तोच ते थांबले. नदीकडे बघत बूट काढायला लागले. माइकवर म्हणाले, "दोनदा त्याच्यासमोरून गेलो. हात करत होता. बोट भरली होती हो, सगळी तान्ही पोरं आणि बायका. आता रिकामी आहे. सोडा मला, माझा पोरगा वर आहे."

लोकांना वाटलं, भाषणच चाललंय. टाळ्या पडल्या. साहेबांनी आणि मी त्यांना धरून खाली आणलं.

नऊ वर्षांचा होतास तू. दिवस मावळेपर्यंत त्या छपरावर एकटा. आपला बाप आपल्याला बघून पुढे गेला, हे तू कधी विसरला नाहीस. मोठा झालास आणि घर सोडलंस, त्यांच्याशी बोलणं टाकलंस. त्यांनी एका शब्दानं सफाई दिली नाही.

घरी येऊन ताटाला शिवेनात. "पोराला उतरवल्याशिवाय कसा जेवू?" तू उतरलास, शिकलास, बाप झालास, दहादा सांगितलं. तुझा फोटो दाखवला तर म्हणाले, "हे गृहस्थ कोण?" मग माझ्याकडे टक लावून बघितलं आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "तू होतीस ना बोटीत? तू का नाही बोललीस?"

माझं नाव विसरतात रे ते. हे नाही विसरले.

होते मी. दुसऱ्या फेरीत, शेजारणीचं तान्हं मांडीवर घेऊन. तू "बाबा, बाबा" ओरडत होतास. मी मान वर केली नाही. केली असती तर मी बोट थांबवायला लावली असती, त्यांनी थांबवलीही असती, आणि आणखी एक जीव त्या बोटीला पेलला नसता. इतकी वर्षं तू त्यांना बोल लावलास, मी गप्प ऐकलं. म्हटलं, निदान माझ्याशी तरी बोलतोय पोरगा. केवढी स्वार्थी मी.

आज उजाडल्यापासून ते बूट घालून दारात बसलेत. दाराला आतून कुलूप लावलंय, किल्ली माझ्या मुठीत आहे. डोळ्याला डोळा लागला आणि ते नदीवर गेले तर?

मिळेल त्या गाडीनं ये. तुला ओळखतील की नाही, सांगवत नाही. नसतील ओळखत तर एवढंच म्हण, त्या पोराला उतरवलंय, सुखरूप आहे. माझ्या शब्दावर आता त्यांचा विश्वास नाही. माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर ठरव.

तुझी हाक ऐकलेली,
आई