सासूबाईंची सेवा, माझी साक्ष

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कुणी वाचणार नाही, त्यामुळे नम्रतेचा वेगळा खटाटोप नको. सरळ लिहिते : माझी निवड झाली आहे.

सासूबाई काल हॉस्पिटलमधून घरी आल्या. अर्धांगाचा झटका. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. बाईंनी जन्मभर शिवणाचा क्लास चालवला. दुसऱ्यांचं उसवण्यात हयात गेली. माझ्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे पडदे उलटे करून टीप कशी वाकडी गेलीय ते शेजारणीला दाखवलं होतं. ते मी केव्हाच माफ केलं आहे. फिकट निळे पडदे होते. दुपारची वेळ होती.

आता त्या गप्प आहेत. प्रभूच्या योजना आपल्याला काय कळणार!

मेमध्ये चर्चचा वार्षिक भगिनी मेळावा. विषय 'वडीलधाऱ्यांची सेवा'. मुख्य वक्त्या अजून ठरलेल्या नाहीत. आणि रविवारी उपासना संपल्यावर पाळकबाईंनी दारात थांबून मलाच विचारलं की सासूबाई कशा आहेत. इशारा न कळण्याइतकी मी खुळी नाही.

संकल्प : आवाज चढवायचा नाही. कुरकुर नाही. रोज सकाळी भगिनी मंडळाच्या ग्रुपवर माझ्या आवाजात एक छोटा संदेश. नाव 'घरातली शांती'.

४ फेब्रुवारी, सकाळ

आवाज चढला. पण तो कन्येवर. ती सेवेत येत नाही. शांती उद्यापासून.

७ फेब्रुवारी

संदेशाची तालीम सासूबाईंच्या पलंगाशी बसून करते. समोर ऐकणारं माणूस असलं की बोलणं खुलतं. शिवाय त्यांना उठून जाता येत नाही. आज 'सौम्य जीभ' दोनदा. दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून भिंतीकडे तोंड केलं. भारावल्या.

हे म्हणाले, आईला झोप आली असेल. यांना या गोष्टींची ओढ पहिल्यापासून कमी.

१२ फेब्रुवारी

कवळीचा प्रश्न सोडवला. कवळी घातली की सासूबाईंच्या तोंडात टकटक वाजतं, नेमकं प्रार्थनेत. नर्सने सांगितलं होतं की दिवसभर घालत जा. पण नर्सला घर चालवायचं नसतं. मी जेवण मऊ केलं आहे, सूप आणि कुस्करलेला भात, मग दात कशाला? वाटीत पाणी घालून कवळी स्वयंपाकघरातल्या कपाटात, केकच्या डब्यामागे ठेवली.

आता चेहरा किती शांत दिसतो. गाल आत गेल्यामुळे एक प्रकारचं समर्पण आलं आहे. फोटो काढून ग्रुपवर टाकला. एकीने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. बाकीच्या अंतर्मुख झाल्या असाव्यात.

१५ फेब्रुवारी

सासूबाई दिवसभर डाव्या हाताने तोंडाकडे बोट दाखवतात. मी ओळखलं. त्यांना मोठ्याने प्रार्थना हवी आहे. केली. पुन्हा बोट. पुन्हा केली. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

कन्या मध्येच म्हणाली की आजी दात मागतेय. कॉलेजात गेली म्हणजे हिला सगळं कळतं! आजीच्या आत्म्याला काय हवंय ते दातांवरून ठरत नाही, असं मी तिला सौम्यपणे सांगितलं. तिने दार आपटलं. वय.

१९ फेब्रुवारी

नणंदबाई आल्या होत्या. यांची मोठी बहीण. लॉन्ड्री चालवतात, दुकानाच्याच वरच्या दोन खोल्यांत राहतात, अंगाला कायम इस्त्रीचा वास. रविवारीसुद्धा दुकान उघडतात आणि उपासनेला उशिरा येऊन मागच्या बाकावर बसतात. आईला लागलं तर वाजवायला म्हणून एक घंटी आणली. बरोबर डबाभर सूप. माझ्या घरात सूप नसतं का?

त्या आत बसायला निघाल्या, तर मी म्हटलं, ताई, आईंना आता थकवा येतो. त्या म्हणाल्या, नुसती हात धरून बसते. मी म्हटलं, पुढच्या वेळी. त्या जिन्यात जरा वेळ उभ्या होत्या. मी वरून पाहिलं. त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

२१ फेब्रुवारी

घंटी रेकॉर्डिंगच्या मधोमध वाजते. 'धीर' हा संदेश चार वेळा करावा लागला. घंटी समोरच्या फडताळावर ठेवली. पलंगावरून नीट दिसते.

२२ फेब्रुवारी

सकाळी मी बाजारातून येईपर्यंत सासूबाईंचं अंथरूण ओलं. घंटीपर्यंत हात पोचला नाही म्हणे. असं कन्या म्हणाली, सासूबाई काय म्हणणार. मी न रागावता चादर बदलली. म्हणजे रागावले, पण चादरीवर. सासूबाई छताकडे बघत राहिल्या.

यावरच संदेश केला : 'नम्रता आपल्याला कुठेही गाठते.' नाव घेतलं नाही. फक्त सासूबाई म्हटलं.

हे संध्याकाळी ग्रुपवरचा संदेश ऐकून आले. कुणी ऐकवला कोण जाणे. म्हणाले, हे तू सगळ्यांना सांगितलंस? मी म्हटलं, त्यातून किती जणींना उभारी मिळेल. हे वळले. आईच्या खोलीत जाऊन बसले आणि तिथेच जेवले. मायलेकांना मी जवळ आणते आहे.

४ मार्च

हॉस्पिटलमधून फोन. स्पीच थेरपिस्ट घरी पाठवू का? आभार मानून नाही म्हटलं. आम्ही यासाठी प्रार्थनेत आहोत. आणि खरं सांगायचं तर मेळावा मेमध्ये आहे. वाचा जूनमध्ये आली तरी प्रभूला काय फरक पडतो?

मेळाव्याचं भाषण अर्धं झालं. सुरुवात अशी : 'प्रिय भगिनींनो, मी काहीच केलं नाही.' इथे थांबायचं. त्या नाही नाही म्हणतील.

१७ मार्च

यांच्यात बदल. बुधवारी मी भगिनी मंडळाला जाते तेव्हा हे ऑफिसातून लवकर येतात. आईजवळ बसायला. नकळत माझं उदाहरण लागू पडतंय.

२५ मार्च

मंडळाहून परतले तर जिन्यातच हसण्याचा आवाज. आमच्याच घरातून. दार उघडलं तर सगळे गप्प. कन्या म्हणाली, रेडिओ. एक अनोळखी बाई पर्स घेऊन निघत होत्या. हे म्हणाले, ऑफिसातल्या आहेत. त्या मला बघून फार हसतमुखाने नमस्कार करून गेल्या. ऑफिसात माझं नाव चांगलं आहे.

कवळीच्या वाटीत ताजं पाणी होतं. कन्येने बदललं असणार. स्वच्छतेचे संस्कार शेवटी उतरतातच.

८ एप्रिल

ठरलं! पुढच्या बुधवारी भगिनी मंडळ माझ्या घरी. पाळकबाई स्वतः येणार. मीच आग्रह केला. सेवा लपवून ठेवणं हासुद्धा एक गर्वच.

योजना : सासूबाई चाकांच्या खुर्चीत, पांढरी शाल, खिडकीतला उजेड डाव्या बाजूने. मी शेजारी स्टुलावर, त्यांच्यापेक्षा खाली. मी त्यांच्या वाचेसाठी प्रार्थना करणार. शेवटी सगळ्यांना सांगणार की आमेनच्या वेळी त्या माझा हात दाबतात. दाबत नाहीत, पण मी त्यांचा दाबला तर दिसायला तेच दिसतं.

१५ एप्रिल, संध्याकाळ

काय लिहू? चमत्कार झाला. चमत्कारच म्हणायचा.

पहिल्यापासून लिहिते. खोली भरली होती. नणंदबाईही आल्या, कुणी बोलावलं ठाऊक नाही. सासूबाईंना कन्येने तयार केलं होतं. शाल तोंडापर्यंत ओढलेली. मी म्हटलं छान, साधेपणा दिसतो.

मी प्रार्थना सुरू केली. प्रभो, हिची जीभ मोकळी कर. आवाज असा लागला होता की माझेच डोळे भरून आले. शेवटी त्यांचा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला.

सासूबाई म्हणाल्या, "हात सोड. दुखतोय."

जरा जड जिभेने, पण स्वच्छ. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर भगिनीला कमी ऐकू येतं, त्यांनी एकट्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाळकबाई पुढे येऊन खाली वाकल्या. त्यांनी विचारलं, आई, तुम्हाला बोलता येतं? सासूबाई म्हणाल्या, "येतं. दात असले की येतं. दात ही केकच्या डब्यामागे ठेवते."

मी लगेच उभी राहिले आणि सांगितलं, भगिनींनो, पाहिलंत ना, प्रार्थना संपायच्या आत! कुणी आमेन म्हटलं नाही. सगळ्यांना इतका धक्का बसला होता. मग पाळकबाईंनी सासूबाईंना विचारलं की तुम्हाला काही हवंय का. सासूबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मला लेकीकडे जायचंय."

नणंदबाई रडायला लागल्या. बरोबरच आहे, त्यांच्याकडे दोनच खोल्या.

नंतर कळलं ते असं. थेरपिस्ट महिनाभर दर बुधवारी येत होत्या. ह्यांनीच बोलावलं होतं. मी बाहेर पडले की कवळी बाहेर यायची आणि मी यायच्या आत परत डब्यामागे. मी ह्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं? हे म्हणाले, आईने सांगितलं होतं, तिला सांगू नका, ती त्यावर बोलेल.

चहा कुणी फारसा घेतला नाही. केक तसाच उरला आहे.

१६ एप्रिल

ग्रुपवर साक्ष टाकली : 'काल माझ्या घरात मुकी जीभ बोलली.' बऱ्याच जणी ग्रुप सोडून गेल्या. मोठी आशीर्वादाची गोष्ट घडली की परीक्षा येतेच.

२० एप्रिल

सासूबाई गेल्या. म्हणजे नणंदबाईंकडे. ह्यांनी आणि लॉन्ड्रीतल्या कामगाराने खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. मी दारात म्हटलं, आई, माझं काही चुकलं असेल तर मी तुम्हाला माफ करते. बोलण्याच्या भरात उलटं आलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं."

आईंना तिथे रुळेपर्यंत म्हणून हे चार दिवस तिकडेच राहतील.

२९ एप्रिल

हे अजून तिकडेच. नणंदबाईंना एकटीला उचलणं जमत नाही म्हणे. कन्या अभ्यासाला जाते ती तिथेच झोपते. खाली मशीनचा आवाज असतो, त्यात तिचं लक्ष लागतं म्हणाली. माझ्याकडे इतकी शांतता आहे, ती तिला सोसत नाही.

मला मात्र भाषणाला वेळच वेळ मिळाला. आज सलग वाचून काढलं. स्वयंपाकघरात उभी राहून. आवाज फार घुमतो.

६ मे

पाळकबाईंचा फोन. मी म्हटलं, भाषण तयार आहे. त्या म्हणाल्या, मुख्य वक्त्या म्हणून आम्ही तुमच्या सासूबाईंना विचारलंय. थोडंच बोलतील, बसूनच. 'सेवा करवून घेणाऱ्याच्या बाजूने' असा विषय.

मी म्हटलं, प्रभूची स्तुती असो. मग विचारलं की मी काय करू. पाळकबाई म्हणाल्या, तुमच्यासाठीही काम ठेवलंय. सुरुवातीची मौन प्रार्थना तुम्ही चालवा.

मौन चालवायचं म्हणजे नेमकं काय, ते विचारलं नाही. तयारी करेन.

९ मे

मेळावा झाला. मी पुढे उभी राहिले, डोळे मिटले. कुणी खोकलंसुद्धा नाही. नंतर सासूबाई बोलल्या. बायका रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. फक्त सून म्हटलं.

१६ मे

नणंदबाईंकडे गेले. केक घेऊन. सगळ्यांना घरी परत चला म्हणायचं, असं ठरवून.

जिन्यावर असतानाच वरून एक आवाज आला. मऊ, लांबवलेला, शब्दाशब्दाला थांबणारा. 'प्रिय भगिनींनो, मी काहीच केलं नाही.' मला वाटलं, माझंच रेकॉर्डिंग कुणी लावलंय, आणि बरं वाटलं. पण पुढे आवाज जिभेवर जरा अडखळला. सासूबाई होत्या. नक्कल हुबेहूब. मी पलंगाशी बसून इतक्या वेळा म्हटलं होतं, पाठ व्हायचंच. कन्या खिदळत होती. नणंदबाई पुरे गं आई, पुरे, म्हणत होत्या आणि स्वतःच थांबत नव्हत्या. आणि एक जण असं हसत होता की त्याला धाप लागली होती. तो कोण, हे कळायला मला वेळ लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचं हसणं मला ओळखू आलं नाही.

मी आत गेले. सगळे एकदम गप्प झाले.

माझ्या येण्याने घरात शांती पसरते असं मी पूर्वी एका संदेशात म्हटलं होतं.

नणंदबाईंनी इस्त्रीचे कपडे बाजूला करून मला जागा केली. चहा दिला. सासूबाई म्हणाल्या, "बस. चहा पी. बोलू नकोस." तसं रागाने नाही म्हणाल्या. म्हणून बसले, प्यायले, बोलले नाही. केक सगळ्यांनी खाल्ला. कन्येने माझी बशी उचलून नेली आणि जाताना क्षणभर खांद्यावर हात ठेवला. की तोल गेला म्हणून धरलं, कोण जाणे.

निघताना हे सोडायला खालपर्यंत आले. मी विचारलं, घरी कधी येणार? हे म्हणाले, बघतो. मी म्हटलं, मी प्रार्थना करते. हे म्हणाले, कर.

ह्यांचे गुडघे फार दुखतात. आमच्या घरचा जिना चढताना प्रत्येक पायरीला कण्हायचे. कितीतरी वर्षं मी त्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करते आहे. आज मी रस्त्यावर उभी राहून बघितलं. हे वळले आणि दोन-दोन पायऱ्या घेत वर गेले, पोरासारखे. कठड्याला हातसुद्धा लावला नाही.

म्हणजे प्रार्थना ऐकली गेली.

घरी आले. दिवा लावला. साक्ष सांगायला फोन हातात घेतला. मग कुणाला सांगायची ते कळेना, म्हणून इथे लिहिलं.