रिकामी पाकिटं

१२ जानेवारी

त्या सकाळी मी पाव कापला, त्यावर तपकिरी चीज ठेवलं, शेगडीवर वाळलेले लोकरी मोजे नवऱ्याला, हाल्वोरला, दिले, थर्मास भरला. रोजच्यासारखंच. तो टीव्हीच्या मनोऱ्यावरचा बर्फ फोडायला गेला आणि संध्याकाळी फक्त थर्मास घरी आला. त्याला दोन हिवाळे झाले.

आज मी त्याच्याच खुर्चीत बसले, बेटावरच्या प्रक्षेपण केंद्रात. त्याचा जुना जोडीदार इवार याने वाफल भाजून ठेवले होते. इथली कॉफी प्यायलीस की बाकी काम सोपं वाटेल, म्हणाला. खूप दिवसांनी हसले.

काम आवडलं. टीव्हीचं चित्र माहितीच्या बारीक पाकिटांतून जातं, प्रत्येकावर क्रमांक. एखादा गळला की सॉफ्टवेअर लाल ठिपका दाखवतं; म्हणजे कुणाच्या तरी घरी बातम्या देणारीचा चेहरा चौकोनांत फुटला. तेवढा तुकडा तपासणीसाठी जतन करायचा. हे मी हाल्वोरची पुस्तकं वाचून स्वयंपाकघरातच शिकले होते.

मनोऱ्यावर चढणाऱ्याने आपल्या नावाचा बिल्ला पायथ्याच्या दारावर अडकवायचा, ही इथली रीत. माझा बिल्ला अजून कोरा आहे. नाव घालून मिळायला महिना लागतो म्हणे.

१९ जानेवारी

जागा भरण्यापुरती काही रिकामी पाकिटंही सोडतात. आमच्या पडद्यावर त्यांची गर्दी नको म्हणून सगळेच सॉफ्टवेअरमध्ये ती लपवून ठेवतात. पुस्तकातलं तेवढंच पान मला समजलं नव्हतं, म्हणून मी ती उघडली. रिकामी नव्हती. जोडली तर चित्र झालं: आमचा मनोरा, दार, दारावर डोमकावळा. कोपऱ्यात उद्याची तारीख. अकरा दहा.

२० जानेवारी

अकरा दहाला डोमकावळा दारावर येऊन बसला.

इवारला सांगितलं. तो कप धूत राहिला. मग म्हणाला, "मारित, तिथे बघू नकोस. हाल्वोरही बघायचा."

२३ जानेवारी

हाल्वोरने जतन केलेला शेवटचा तुकडा सापडला. मरणाच्या आदल्या दिवशीचा. दारावर बिल्ला इवारचा. वरून पडणारी टोपीही इवारची, लाल.

इवारने अखेर सांगितलं. त्या दिवशी पाळी त्याची होती. हाल्वोरने त्याचा बिल्ला काढून स्वतःचा लावला आणि काही न बोलता चढला.

२६ जानेवारी

पुन्हा दिसलं. बिल्ला इवारचा. उद्या, नऊ चाळीस. लाल टोपी—

विनवलं त्याला. ऐकत नाही. वादळ येतंय, बोटींना इशारा याच मनोऱ्यावरून जातो, बर्फ फोडावाच लागेल. "ही दोन वर्षं माझी नव्हतीच," म्हणाला. "या वेळी कुणी मध्ये येऊ नका."

मी मनाशी ठरवलं. मग परत पाकिटं उघडली.

चित्र बदललंय. बिल्ला आहे, पण त्यावर नावच नाही—



२७ जानेवारी

साडेनऊ. इवार कपडे बदलायला आत गेला तेव्हा बाहेरून कडी लावली. ठोकतोय. हाल्वोरचा मनोऱ्यावर चढायचा पट्टा बांधला. इवारचा बिल्ला काढला, माझा अडकवला. पहिल्या पायरीवर बसून लिहिते आहे. डोमकावळा आलाय. वरून बर्फ—