प्लामेनचे या वर्षीचे शोकपत्रक

सगळेच औषध घेऊन वजन उचलत असतील, तर फसवणूक नक्की कोणाची होते? याचे उत्तर मला देता येत नाही. तरीही मी, झ्लातिना आसेनोवा, वय सत्तावीस, रसायनशास्त्राची पदवीधर आणि आमच्या घरातली पहिली, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. उद्या सोफियात माझ्या यकृताची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल त्यांचे आभार.

घरातला माझा हिस्सा आईला. पुस्तके गावच्या शाळेला, ती माझ्या हातची घेणार असेल तर.

सरबताचा निळा पेला प्रशिक्षक रांगेलकाकांना. आम्ही दोघे त्यांच्याकडे वजन उचलायला शिकत होतो, तेव्हा याच पेल्यातून ते मला आणि माझा भाऊ प्लामेन याला ‘जीवनसत्त्वाचे थेंब’ पाजत. प्लामेन राष्ट्रीय विजेता झाला आणि तेविसाव्या वर्षी सरावातच हृदय बंद पडून गेला. पुढे मी काकांच्या बाटलीतले ते थेंब प्रयोगशाळेत तपासले; ते स्नायू फुगवणारे, हृदय आणि यकृत खाणारे औषध निघाले. मी काकांना जाब विचारला. ते हसले. “औषधाशिवाय बटाट्याची पोती उचलतात, पोरी. पदकं नाही.”

मी क्रीडा महासंघाकडे तक्रार केली. गाव दुखावले; प्लामेनच्या मरणाने नव्हे, माझ्या तक्रारीने. त्याच्या स्मरणदिनी मी वाटलेला उकडलेला गोड गहू शेजारणींनी माझ्यादेखत कोंबड्यांना घातला. आई म्हणाली, “अगं, सगळेच घेतात. मेलेल्याच्या गळ्यातलं पदक कशाला ओढतेस?”

प्लामेनचा कातडी पट्टा रांगेलकाकांची नात कालिना हिला. ती नुकतीच वजन उचलू लागली आहे. परवा रस्त्यात म्हणाली, “ताई, आजोबा म्हणतात, मी तुझ्याही पुढे जाईन!” अट एकच: स्वतः भरलेल्या पाण्याशिवाय तिने व्यायामशाळेत काहीही पिऊ नये. अट पाळली जाते का हे बघायला मी असेनच असे नाही, म्हणून पुढचे केले.

आमच्याकडे मेलेल्या माणसाचे शोकपत्रक दरवर्षी त्याच्या मृत्यूच्या तारखेला दारांवर लावतात. प्लामेनचे आजवर काकाच लिहीत: ‘विजेता. अकाली गेला.’ या वर्षीचे मी छापून घेतले. त्यात औषधाचे नाव आहे, देणाऱ्याचे आहे, आणि तळाशी एक ओळ: ‘कालिना, पिऊ नकोस.’ आज पहाटे ते व्यायामशाळेच्या दारावर लावून आले. लोक खरवडतील, म्हणून गोंद भरपूर लावला आहे.

सही: झ्लातिना आसेनोवा
साक्षीदार: स्तोयांका विल्चेवा, परिचारिका, इलिया गेंचेव, निवृत्त शिक्षक
गोर्नो ब्रेस्तोवो, बल्गेरिया
९ नोव्हेंबर २०१७