अंगणातली भेग

अधारताल, जबलपूर
९ जून १९९७

चि. रत्नाकर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्रास कारण आपले बापू. भूकंप होऊन पंधरवडा उलटला, तरी ते घरात यायला तयार नाहीत. अंगणात बोटभर रुंद भेग पडली आहे. तिच्यावर पत्रा टाकून शेजारीच खाट मांडली आहे. उन्हाने दमा वाढला, रोज ताप येतो. ओमतीचे डॉक्टर सांगून गेले की आता भिजले तर छातीला झेपायचं नाही. आणि आभाळ भरून येऊ लागलं आहे.

हे माझ्यामुळे झालं. गोहलपुरात कुणीतरी उठवलं की जमिनीखाली ज्वालामुखी जागा झाला. बापू म्हणाले, तू कॉलेजात भूगोल शिकवते, खरं काय ते सांग. मी सांगितलं की खूप खोल खडक वितळतो, वितळलेला हलका म्हणून वर चढतो, साठतो, आणि त्यातल्या वायूंचा दाब वरच्या खडकाला आवरेनासा झाला की फुटतो. आपल्याकडे तसं काही नाही, भूकंप झाला तो जुन्या भेगेवर खडक सरकल्याने. ते मान डोलावत होते. तिथेच थांबायला हवं होतं. पण अर्धवट सांगणं मला टोचतं. म्हणून पुढे जोडलं की इकडचा काळा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच, आणि तो डोंगर फोडून नाही, जमिनीच्या लांब भेगांतून आला. बापूंचा चेहरा उतरला. भेगेतूनच न, एवढंच म्हणाले आणि पत्रा शोधायला उठले.

त्यांचा जन्म कारखान्याच्या ओतकाम खात्यात गेला. साच्यात ओल राहिली की वितळलेलं लोखंड कसं उसळतं, हे त्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे पावसाचं पाणी भेगेत जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा पण. मी खरं बोलले की नुसती विद्या मिरवली, ठरत नाही.

लोभ आहेच, या खेपेस थोडी अक्कलही पाठव.
तुझी ताई

---

नागपूर, १४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

रजेसाठी साहेबांच्या मागे लागलो आहे, पण मे महिन्यापासून अर्धं ऑफिस सुटीवर. तोवर तू एकच कर. बापूंना ठणकावून सांग की इथे ज्वालामुखी कधीच होणार नाही. पुढे एक शब्द जोडू नकोस. लहानपणी जेवलीस का विचारलं तरी तू ‘बहुतेक’ म्हणायचीस आणि आई वैतागून ताट उचलायची, आठवतं? एकदा पोटभर खोटं बोल. पाप मला लागू दे. जया म्हणते, बायको म्हणून तीही अर्धं वाटून घेईल.

तुमच्या दोघांच्या मायेवरच आम्ही इथे उड्या मारतो, ती कमी न व्हावी.
तुझा रत्नाकर

---

अधारताल, १९ जून

चि. रत्नाकर यास अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. समोर बसून, नजर न चुकवता ‘कधीच नाही’ म्हटलं. बापू म्हणाले, काहून खोटं बोलून राहिली बाई? तू तर कधी ‘कधीच’ म्हणत नाहीस. म्हणजे वेळ आली वाटते. लगेच मला सामान बांधायला लावलं. मी नागपूरची गाडी पकडायची आणि भेग ते एकटे सांभाळणार. शेजारच्या तिवारी भैयांनी त्यांना उचलून आत न्यायचा प्रयत्न केला, तर धाप लागून ओठ निळे पडले. मी हात जोडले, तेव्हा सोडलं.

ताप उतरत नाही. काल थेंब पडले तेव्हा ते पत्र्यावर आडवे झाले. मी छत्री धरून उभी होते. शेवटी विचारलं, बापू, साच्याचा सांधा तुम्ही कशाने बुजवायचे? चिकणमाती, म्हणाले, पण थराथराने, प्रत्येक थर वाळवून. तेव्हा आज आम्ही दोघं तेच करतो आहोत. ते खाटेवरून सांगतात, मी भरते, निखाऱ्यांनी वाळवते. घाई केली की ओरडतात, बाई, हे कॉलेज नाही. मधेच खोकला आला की बोलणं तुटतं, मीही थांबते. भेग बरीच उरली आहे. पश्चिमेला काळंभोर झालं आहे.

भेग बुजली की आत याल ना, मी विचारलं. ते मातीकडे बघत म्हणाले, बहुतेक.

रजा मिळो न मिळो, नीघ. ही माया इथे येऊनच घे.
तुझी ताई